कायमचं राहतं घर

बाबा,

काल कौंटीच्या जिल्हा कचेरीच्या वेबसाइटवर आपल्या ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या घराची नोंद शोधायला बसले आणि इतक्या वर्षांनी तुमचा पुन्हा मनापासून राग आला. आई आता माझ्याकडे राहायला येतेय, घर विकायचं आहे, म्हणून त्या घरावरची टॅक्सची सूट बंद करा असं कौंटीला कळवायचं होतं. पत्ता टाकला, बटण दाबलं आणि सगळं समोर आलं. घराची किंमत, शाळांचा टॅक्स, कौंटीचा टॅक्स, सूट. चहा गार व्हायच्या आत काम झालं. याच एका सवलतीपायी तुम्ही मला त्या वर्षी किती नाचवलंत! तुम्ही आपले सुटलात, आणि मी या वयात एकटी बसून तुमच्याशी भांडतेय.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. तेलाचे भाव कोसळले होते आणि ह्यूस्टनमधल्या कंपन्या माणसं भराभर कमी करत होत्या. पाइपिंगची ड्रॉइंग्ज काढण्यात तुमचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण ड्रॉइंग्जच नकोत म्हटल्यावर करता काय? तुमची नोकरी गेली. आई कापडाच्या दुकानात उभ्याने काम करायची, मी नुकतीच नोकरीला लागले होते, आणि आम्हा दोघींच्या पगारात घराचा हप्ता जेमतेम बसत होता. आपल्याच गल्लीत दोन-तीन घरांपुढे बँकेच्या जप्तीच्या पाट्या लागल्या होत्या. एकात तर माझी शाळेतली मैत्रीण राहायची, ते लोक रातोरात कुठे गेले ते कळलंही नाही. आणि नेमका तेव्हाच बँकेने हप्ता वाढवला. आई मला म्हणाली, तू शिकलीयेस ना, बघ जरा का वाढला तो. बँकेत फोन केला तेव्हा कळलं की हप्त्यात घराचा टॅक्सही असतो, तो वाढला की हप्ता वाढतो, आणि टॅक्सबद्दल काही विचारायचं तर कौंटीत जा.

गेले. अर्धा दिवस रजा टाकून, त्या एसी नसलेल्या डॉटसन गाडीतून, घामाने चिंब होऊन गेले. मला वाटलं पत्ता सांगितला की कागद मिळेल. खिडकीवरची बाई म्हणाली, पत्त्यावरून नाही सापडत हनी, सेक्शन, ब्लॉक आणि लॉट नंबर आण. हे नंबर कुठे मिळतात? तर घराच्या खरेदीखतावर. खरेदीखत कुठे? तर तुमच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली तुमच्या जानव्याला! तुम्हाला नोकरी शोधताना त्रास नको म्हणून मी हप्त्याचं सांगितलंच नव्हतं, त्यामुळे आंघोळीला जाताना तुम्ही काढून ठेवलेली किल्ली आईने मला आणून दिली तेव्हा कुठे काम पुढे सरकलं. दुसऱ्या खेपेला, जुन्या नोंदींच्या फिल्म मोठ्या करून दाखवणाऱ्या मायक्रोफिशच्या यंत्रापुढे डोळे फोडत बसले. आपलं घर सापडलं. त्याच यादीत आपल्या समोर राहणाऱ्या काकांचंही घर दिसलं. तोच नकाशा, तेवढीच जागा, किंमतही तीच लावलेली. पण त्यांचा टॅक्स आपल्यापेक्षा बराच कमी. बाईला विचारलं तर तिने एक रकाना दाखवला: होमस्टेड. मालक स्वतः राहत असेल तर घराच्या किमतीतला काही भाग टॅक्समधून वगळतात, एक फॉर्म भरला की झालं, दरवर्षी भरावाही लागत नाही. काकांच्या रकान्यात खूण होती. आपला रकाना रिकामा.

मी घरी कशी आले ते माझं मला माहीत. एवढा मोठा शोध लावून आलेय, आता बाबा पाठ थोपटतील, असंच वाटत होतं. तुम्ही पहिल्यांदा काय म्हणालात? लोकांच्या घरात असं डोकावतात का? मी सांगितलं, अहो इथे ते सगळ्यांसाठी उघडं असतं. तरी तुमचं आपलं तेच, उघडं असलं म्हणून काय झालं, काकांना कळलं तर काय वाटेल. मग मी होमस्टेडचं सांगितलं, तर शांतपणे म्हणालात, माहीत आहे मला. मी कपाळावर हात मारून घेतला. माहीत होतं! घर घेतलं त्याच वर्षी फॉर्म आला होता आणि तुम्ही तो नीट घडी घालून ठेवून दिला होता. आणि हाच माणूस फेडरल इन्कम टॅक्स भरताना घराच्या टॅक्सची वजावट, कर्जाच्या व्याजाची वजावट, पै न पै लिहायचा, दोनदा तपासायचा. सरकारने देऊ केलेलं सोडू नये, हे मी तुमच्याकडूनच शिकले. मग इथेच काय घोडं अडलं होतं?

अडलं होतं ते एका वाक्याशी. हे माझं कायमचं राहतं घर आहे आणि इतर कुठेही असलेल्या दुसऱ्या घरावर मी अशी सूट घेत नाही, असं लिहिलं होतं त्याच्याखाली सही करायची होती. तुमचं म्हणणं, कायमचं कसं म्हणू? आपण तर परत जाणार. सांगलीला सोसायटीत प्लॉट घेऊन ठेवलाय. खोट्या कागदावर मी सही करणार नाही. बाबा, त्या परत जाण्यापायी आमचा जीव किती खाल्लात! गॅरेजमध्ये दोनशेवीस व्होल्टचा मिक्सर खोक्यातच पडला होता, सांगलीत लागेल म्हणून, आणि आई इकडे सेलमधल्या ब्लेंडरमध्ये नारळाची चटणी वाटताना रोज करवादायची. मागच्या अंगणात तुम्ही मेथी लावलीत, टोमॅटो लावलेत, पण झाड म्हणून एक लावलं नाहीत. त्याला फळं येईपर्यंत थांबतंय कोण, म्हणायचात. भिंतीला रंग द्यायचा तरी विकताना गिऱ्हाइकाला चालेल असाच.

एप्रिलअखेर मुदत होती. मी समजावलं, चिडले, अबोला धरला. काकांकडून सांगून पाहिलं. काका बिचारे म्हणाले, अरे यार, मीही परत जाणारच आहे की, सही केली म्हणून काय पासपोर्ट काढून घेतात काय? त्यावर तुम्ही त्यांना चहा दिलात आणि विषय बदललात. शेवटी एक दिवस तुम्हाला गाडीत घालून कौंटीत नेलंच. तिथे तुम्ही काय करावं? खिडकीपाशी उभं राहून अख्खा फॉर्म वाचलात, मागे रांग वाढतेय याचं भान नाही, आणि त्या बाईला विचारलंत की दोन वर्षांनी मी माझ्या देशात गेलो तर ही सही खोटी ठरेल का. ती म्हणाली, सर, तेव्हा आम्हाला कळवा, आज तुम्ही तिथेच राहता ना? तुम्ही म्हणालात, राहतो, पण... फॉर्म खिशात घातलात आणि बाहेर आलात. मला शरमेने मेल्यासारखं झालं होतं. परतीच्या रस्त्यात मी जे बोलले ते आज शब्दाशब्दाने आठवतंय.

"बाबा, आपण कुठेही जात नाही आहोत. हे तुम्हाला सोडून सगळ्यांना माहीत आहे."

तुम्ही म्हणालात, तुझा इंडिकेटर चालू राहिलाय.

त्या शनिवारी सकाळी आई थालीपिठं लावत होती. फॉर्म टेबलावर, मुदत संपत आलेली, आणि आपलं दोघांचं पुन्हा जुंपलेलं. मी म्हणत होते सही करा, घर गेलं तर कुठे जाणार? तुम्ही म्हणत होतात, जायचंच तर आहे. आईने गॅस बंद केला, हात पुसले, फॉर्म स्वतःकडे ओढला आणि मला विचारलं, दोघांपैकी एकाची चालते का गं? चालत होती, घर दोघांच्या नावावर होतं. तुम्ही म्हणालात, अगं, काय लिहिलंय ते तरी वाच.

"वाचलं," आई म्हणाली. "खरं तेच लिहिलंय. माझं दुसरं घर आहे कुठे?"

"सांगलीला..."

"तो प्लॉट आहे. त्यावर गवत आहे."

आणि तिने सही केली, मराठी वळणाच्या इंग्रजीत, सावकाश. तुम्ही तिच्याकडे असं बघत होतात की मला तिथे उभं राहवेना. तिला परत जायचंच नाहीये, हे तुम्हाला त्या दिवशी, त्या टेबलावर कळलं. एकाच घरात इतकी वर्षं राहून. तुम्ही मागे जाऊन मेथीला पाणी घालून आलात, मग चष्मा लावून फॉर्म तपासलात आणि मला म्हणालात, ब्लॉक नंबर चुकलाय, ही ड्रॉइंग्ज असती तर मी परत पाठवली असती. खोडून नीट लिहिलात, पाकीट चिकटवलंत, स्वतः पोस्टात टाकून आलात. सगळं केलंत, एक सही सोडून. सूट मिळाली, हप्ता उतरला, घर वाचलं, आणि पुढच्या वर्षी तुम्हाला कंत्राटी का होईना काम मिळालं. प्लॉटचं नाव मात्र त्यानंतर तुम्ही आईसमोर कधी काढलं नाहीत. तुम्ही गेलात तेही याच गावातून, पुन्हा सांगली न बघता, आणि प्लॉट आम्ही विकला.

इतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, हे अजूनही म्हणेन. पण हे कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून एक सांगते. आईने पेन खाली ठेवलं तेव्हा तुमच्या नावाची ओळ रिकामी होती, आणि मी, जी इतके दिवस घसा फोडून सही करा म्हणत होते, मनात म्हणत होते, नका करू. तुम्ही केली असतीत तर आपण परत जाणार नाही हे मलाही मानावं लागलं असतं.