कादंबरी कोणीही पुरी करू नये

मी, खाली सही करणार, वय वर्षे त्र्याहत्तर, मोजणी खात्यातून निवृत्त झालेला मोजणीदार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, भर दुपारी, कोणी भरीस न घालता लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याची खात्री आमच्या डॉक्टरीणबाईंनी करून घेतली. त्यांनी शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत गेलो. "पुरे हो काका, आता मीच चुकेन," असे त्या म्हणाल्या.

शुद्धीचा मुद्दा आधीच मिटवून टाकतो, कारण पुढचे वाचून माझे मेहुणे, म्हणजे दिवंगत पत्नीचे धाकटे बंधू व इथल्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष, सर्वात आधी तोच काढतील.

१. राहते घर, सामान आणि बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या मुलीला मिळावी. यावर कोणाचा वाद नाही, म्हणून लांबवत नाही. पत्नीच्या लेखनाचे हक्क पत्नीने मला दिले होते. तेही, कलम ५ मधील अटींसह, मुलीकडे जावेत.

२. माझी मोजणीची साखळी, होकायंत्र व कातडी पट्ट्याची फीत बाइंडरला द्यावी. माझ्या पत्नीने आपली पहिली कादंबरी स्वतः छापली, तेव्हा प्रती यानेच बांधल्या. त्याआधी एका प्रकाशकाने तिला सांगितले होते, "बाई, शेवटचे पान काढा, लगेच छापतो." त्या पानावर कादंबरीतले काय सापडलेले आणि काय स्वतः रचलेले, याची यादी होती. ती हस्तलिखित उचलून परत आली. पुढे लेखिका, मुद्रितशोधक आणि हमाल सगळे तीच झाली. मी पार्सलांवर पत्ते घालत असे. तेवढेच मला जमत होते.

३. तिच्या संशोधनाच्या सव्वीस वह्या सार्वजनिक वाचनालयाला द्याव्यात. जुन्या कागदांत सापडलेले ती काळ्या शाईने लिही, मनाने रचलेले हिरव्या शाईने. मेहुणे हसत, "ताई, हे रंगकाम कशाला?" ती म्हणे, "वाचकाला रमवायचं. त्याचा खिसा कापायचा नाही." वह्या मागेल त्याला दाखवाव्यात. मेहुण्यांनाही. ते येणार नाहीत, पण आलेच तर बसायला खुर्ची द्यावी.

४. मेहुण्यांना मी काहीच ठेवले नाही असे कोणी म्हणू नये. पहिल्या कादंबरीची दुसरी आवृत्ती त्यांच्या मंडळाने काढली, तेव्हा ते शेवटचे पान गाळले. पत्नीला न विचारता. "जागा पुरली नाही," म्हणाले. अध्यक्षांच्या छायाचित्राला मात्र पूर्ण पान पुरले. त्या कादंबरीत वेढ्याच्या काळात तटावर दिवे लावणारी एक बाई आहे. ती संपूर्ण हिरव्या शाईतली आहे. पान गळाल्यावर ती खरी झाली. मंडळाने जुन्या वेशीवर तिच्या नावाची दगडी पाटी बसवली, जन्मतारखेसकट. पत्नी पाटी पाहून आली आणि भावाला म्हणाली, "अरे, ही बाई मी स्वयंपाकघरात बसून जन्माला घातलीय."

"ताई, आता ती गावाची झाली. तू कशाला आडवी येतेस?"

"आणि ती तारीख? दिवस, महिना नीट बघ. आपल्या आईचा वाढदिवस आहे तो. मला दुसरा सुचला नाही, म्हणून घातला."

मेहुण्यांनी खिशातून डायरी काढली. मग म्हणाले, "योगायोग छान आहे. भाषणात घेतो."

स्वतःच्या आईची जन्मतारीख दगडात कोरून घेतली आणि ओळखली नाही, त्या माणसाला मी गाळलेल्या पानाच्या दोनशे छापील प्रती आणि खळीचा एक डबा ठेवत आहे. मंडळाच्या कपाटात शिल्लक असलेल्या प्रतींत त्यांनी ती पाने स्वतःच्या हाताने चिकटवावीत. खळ वाळली असल्यास मुलीने नवी आणून द्यावी, खर्च माझ्या शिल्लकेतून करावा.

५. आता मुख्य गोष्ट. पत्नीची दुसरी कादंबरी तेराव्या प्रकरणाच्या मध्यावर थांबते. ती जाऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा मंडळाच्या पत्रकात छापून आले की ही कादंबरी लवकरच प्रसिद्ध होईल, पूर्तता: अध्यक्ष. मी तिच्या साड्यांना अजून हात लावला नव्हता. पत्रक घेऊन मेहुणे स्वतःच आले.

"भाऊजी, ताईने शेवट तुम्हाला सांगितला असेलच. चार ओळींत द्या, बाकीचं मी बघतो."

सांगितला होता. रुग्णालयात, नळ्या लावलेल्या असताना, दोन दिवस थांबत थांबत सांगितला. आणि शेवटी म्हणाली, "अहो, पण मोजलेलं नाही अजून."

याचा अर्थ मला कळतो. तिची प्रत्येक वाट आम्ही चालून पाहिली होती. पुस्तकातला माणूस डोक्यावर मोळी घेऊन जात असेल तर मी मोळी घेत असे आणि ती घड्याळ पाहत असे. जमले नाही तर ती आख्खे प्रकरण फाडी. एकदा माझ्या दम लागण्यापायी चाळीस पाने गेली. मी माफी मागितली तर म्हणाली, "तुम्ही नाही, तो माणूसच खोटं बोलत होता."

तिच्या शेवटात कोणीतरी जड ओझे घेऊन जुन्या बुरुजापासून नदीच्या उतारापर्यंत एका घटकेत, म्हणजे चोवीस मिनिटांत, पोहोचते. सगळे त्यावर अवलंबून आहे. ती गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यात मी वीस किलो वाळूची पिशवी घेऊन ती वाट चाललो. एकेचाळीस मिनिटे लागली. वयाची सूट द्यावी म्हणून बाइंडरला चालवले. तो धिप्पाड आहे, कुरकुर न करता चालला. तेहतीस. दुसऱ्या बाजूच्या पायवाटेने पस्तीस. तिने सांगितलेला शेवट घडूच शकत नाही. ती असती तर फाडला असता आणि दुसरा शोधला असता. तो कोणता, हे मला माहीत नाही. तिलाही माहीत नव्हते.

मेहुणे पुन्हा विचारायला आले, तेव्हा हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "भाऊजी, कादंबरी आहे हो. कोण घड्याळ लावून बघतंय?"

मी बघितले आहे. त्यांना मी दार दाखवले. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला दाखवले, आणि त्याचे मला वाईट वाटलेले नाही.

म्हणून अटी लिहितो. मुलीने ही कादंबरी जशी आहे तशी छापावी. तेरावे प्रकरण जिथे थांबते, ते वाक्य अर्धे असले तरी तिथेच थांबावे. खाली कोणाची टीप, पूर्तता, अंदाज किंवा श्रद्धांजली नको. शेवटी तिची काय खरे आणि काय रचलेले ही यादी बारा प्रकरणांपुरती तयार आहे, ती पूर्ण छापावी. कोणी पुढे लिहून छापल्यास मुलीने कोर्टात जावे. भांडण लांबले तरी चालेल, घर विकू नये.

६. तो शेवट मला पाठ आहे. तिने वापरलेल्या शब्दांनिशी. ते तिचे माझ्याशी झालेले शेवटचे बोलणे आहे. छापलेला पाहायला मलाही आवडला असता. पण तो तिने मंजूर केलेला नाही, म्हणून मी तो कागदावर उतरवलेला नाही, मुलीला सांगितलेला नाही, आणि या मृत्युपत्राने कोणालाही देत नाही. माझ्या सर्व मिळकतीपैकी एवढी एकच वस्तू मी सोबत नेणार आहे.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. अंमलबजावणी मुलीने करावी.

(सही) लिहून देणार

आमच्यासमोर त्यांनी सही केली, त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर आम्ही केली. आम्हा दोघींना यातून काही मिळणार नाही.

साक्षीदार १: (सही) डॉक्टरीणबाई. सही करताना हात स्थिर होता.
साक्षीदार २: (सही) शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका

ठिकाण: राहते घर, पत्नीची लिहिण्याची खोली
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२२