दारिनाचा स्वस्तातला कॅमेरा

गाब्रोव्हो, बुधवार

प्रिय दारिना,

महिनोन्महिने गप्प बसतेस आणि आत्याची आठवण होते ती कशासाठी? तर "आत्या, फिल्मचा छोटा कॅमेरा घ्यायचाय, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, स्वस्तात कुठला घेऊ?" आणि त्याखाली लगेच, "बाबाला सांगू नकोस." बरं बाई, नाही सांगत. फोन सोडून पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. त्याला कारण आहे, सांगते सावकाश. हे पत्र पोस्टात न टाकता सोफियाच्या बस ड्रायव्हरकडे देतेय, सोबत ल्युतेनित्साची, आपल्या मिरची-टोमॅटोच्या चटणीची, बरणी आहे. यंदा मिरच्या मीच भाजल्या, त्यामुळे थोडी करपट लागेल. बरणी धुऊन परत कर. आपण गाब्रोव्होची नावाजलेली चिक्कू माणसं, बरण्या वाटत फिरत नाही.

आता कॅमेऱ्याचं. फोटो स्टुडिओच्या काउंटरमागे मी अख्खी नोकरी काढली, तेव्हा नीट ऐक. इंटरनेटवर गायक-नट मंडळी मिरवतात ते कॅमेरे पहिले डोक्यातून काढ. तिथे नाव मोठं नि लक्षण खोटं असा प्रकार फार असतो. आत यंत्र तेच, पैसे नावाचे. भिंग लांब-आखूड होणारा घेऊ नकोस. त्याची मोटर आधी मरते, आणि पुढे-मागे सरकायला देवाने आपल्याला पाय दिलेत. साधा, एकाच भिंगाचा, आपोआप रोल पुढे नेणारा, आणि साध्या पेन्सिल सेलवर चालणारा घे. खास सेल लागणारे कॅमेरे स्वस्त पडतात आणि मग सेल शोधता शोधता जीव जातो. सोफियात कॅथेड्रलजवळच्या दुकानांत पर्यटकांना लुटतात, तिथे नुसतं बघ. घ्यायचा तो इथे, पुलाखालच्या रविवारच्या बाजारात. सेलचं झाकण उघडून आत हिरवट थर दिसला तर ठेव खाली. मागचं दार उघडून कडेच्या काळ्या स्पंजला बोट लाव. चिकट लागला तर उजेड आत शिरणार. फ्लॅश पेटवून बघ. विकणारा म्हणेल, "सेल नाहीत हो ताई, पण चालतो, आईची शपथ." तू पर्समधून आपले सेल काढ आणि त्याची शपथ त्याच्या आईला परत पाठव.

पहिला रोल घालताना फिल्मची शेपटी चाकाच्या दातांत बसलीय ना, ते दोनदा बघ. लग्नाचे, बारशाचे कोरे रोल घेऊन माझ्यासमोर किती माणसं रडलीत! मी त्यांना कॉफी पाजायचे, दुसरं काय करणार?

तुझ्या बाबाचा मात्र एकही रोल कधी कोरा गेला नाही. त्याचा तो रशियन कॅमेरा तुला आठवतो? त्याच्या भिंगाभोवतीच्या, अंतर लावायच्या कड्यावर आकडे नव्हते, बारकी चित्रं होती. जवळच्यासाठी एक डोकं, मग दोन माणसं, मग घोळका, मग डोंगर. तू चार-पाच वर्षांची असशील, त्या एकट्या डोक्यावर बोट ठेवून विचारायचीस, "बाबा, ही मी ना?" तो गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "हो तर. कारखान्यातून तुझंच डोकं छापून आलंय." आणि चिक्कूपणा तर काय सांगावा! वर्षाला एक रोल. धुवायला माझ्याकडे यायचा तेव्हा पहिल्या फोटोत नव्या वर्षाचं सजवलेलं झाड आणि शेवटच्या फोटोतही झाड, मधल्या काळात तू वीतभर वाढलेली. काउंटरवरच्या पोरी हसून लोळायच्या. फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली पाण्यातून तुझा चेहरा हळूहळू वर यायचा आणि तुझा बाबा, आमचा स्तामेन, माझ्या खांद्यावरून वाकून म्हणायचा, "ताई, नाक माझ्यावर गेलंय बघ." तुझ्या आईला हे नाक मुळीच पसंत नव्हतं. बिचारी असती तर तुम्हा दोघांना कान धरून एका टेबलाशी बसवलं असतं. मला तिच्यासारखा दरारा नाही.

तू इंजिनियरिंग अर्ध्यात सोडून बाहुलीनाट्यात गेलीस, त्या रात्री तो काय बोलला ते मी भिंतीपलीकडून ऐकलं होतं. "पदवी घेऊन ये, नाहीतर येऊ नकोस." तूही त्याचीच लेक, बॅग उचललीस. दोन वर्षं झाली. त्याला वाटतं तू फोन करावास, तुला वाटतं त्याने करावा, आणि माझं इकडे आड तिकडे विहीर. माझी एवढीच इच्छा आहे की तू एकदा घरी यावंस. तो तुझं नाव काढत नाही, पण बातम्यांनंतर हवामान लागलं की मला गप्प करतो. "थांब गं, सोफियाचं सांगतायत." लेथवर आयुष्य घालवलेल्या माणसाला सोफियाच्या हवेशी काय देणंघेणं? परवा तिथे पाऊस म्हणाले तर स्वतःशीच पुटपुटला, "हिच्याकडे धड बूट तरी आहेत का."

आता पत्राचं कारण. सोमवारी तो प्लेव्हेनच्या इस्पितळात भरती होतोय, हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात बरा होईल, मीही तेच म्हणते. तुला फोनवर यातलं अक्षरही सांगणार नाही अशी शपथ त्याने माझ्याकडून घेतलीय. पत्राचं तो काही बोलला नाही. काल आला आणि पाकिटातून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. तुझ्या शाळेच्या निरोपाच्या दिवशीचा, शेजाऱ्याने काढलेला. निळ्या पोशाखात तू, शेजारी आखडून उभा तो, आणि तुझा हात त्याच्या खांद्यावर. म्हणाला, "ताई, मी गेल्यावर दारावर लावतात त्या निधनपत्रकासाठी मला यातून कापून ठेव. आयत्या वेळी तुझी धावपळ नको." मी असे शेकडो फोटो कापलेत, दारिना. लग्नातल्या नाहीतर सहलीतल्या फोटोतून गेलेला माणूस काढायचा आणि त्याच्या खांद्यावर राहिलेला दुसऱ्याचा हात ब्रशने पुसायचा. सगळे तसंच सांगायचे. म्हणून मी सवयीने म्हटलं, "बरं, हात पुसून टाकते." तो खिडकीकडे बघत म्हणाला, "हात राहू दे." मला तिथे रडू फुटलं, आणि त्याला वाटलं कांदा चिरत होते म्हणून. मी फोटो कापलेला नाही, कापणारही नाही. कॅमेरा रविवारी घे, पुढच्या वर्षी घे, नाहीतर घेऊच नकोस, पण शनिवारी सकाळच्या बसने ये. मी त्याला काही सांगितलेलं नाही. बेल वाजव, दार तोच उघडेल.

तुझीच, आणि त्या हट्टी माणसाचीही,
नेव्हेना आत्या