खुशीची सागरचोटी

४ ऑगस्ट, सोमवार

खुशीच्या डोस्क्यात टक्कल! भांगाच्या डाव्या अंगाले, कपाळाच्या जरा वर. चार आण्याएवढं. शाळेच्या दोन वेण्या घालून देत होती आन् फणी तिथंच थांबली माही.

"काय झालं मम्मी?"

"काही नाही. सरळ बस."

काही नाही कसं! मी सावत्र आहे. लग्नाले आठ महिने झाले. लग्न ठरलं तवा खुशीची आजी, मुकुटबनच्या मैनाबाई, सगळ्यायसमोर बोलल्या होत्या — "माही लेक करुणा तर गेली. पण नातीच्या अंगावर एक वळ दिसला तरी मी तिले घेऊन जाईन. मंग कोणी आडवं यायचं नाही." आन् यायनं, खुशीच्या बाबानं, मान डोलावली होती. त्या मान डोलावण्यावर माहं लग्न झालं.

वळ नाही हा. पण उपटल्यासारखं दिसते. मी नाही उपटले, हे कोण मानीन?

आजपर्यंत तिले एक दिवस इस्कटलेल्या डोस्क्यानं शाळेत पाठवलं नाही मी. चप्प तेल, ताणून दोन वेण्या, लाल रिबिनी. दुरून दिसलं पाह्यजे का या पोट्टीले माय आहे. आन् त्यातून हे निघालं!

५ ऑगस्ट

चाई असन, केस झडून चकती पडते ते. चाईवर लसूण घासतात म्हणून घासला. खुशी जे बोंबलली! पयले खिडकी लावून घेतली. सावत्र माय आन् रडती पोट्टी — समोरच्या काकूले दुसरं काय पाह्यजे!

६ ऑगस्ट

मारेगावले गेलती, राखीकडं. बस स्टँडच्या मांगं तिचं पार्लर आहे. बंजाऱ्यायच्या तांड्यावरची पोरगी, पण आता नवरीच्या मेकपसाठी लोकं तिले पार वणीपासून बोलावतात. इथं माही म्हणावी अशी तीच एक.

टकलाचं तिलेबी नाही सांगतलं. इतकंच इचारलं, भांग दिसत नाही अशी वेणी कोणती?

"सागरचोटी. ते फ्रेंच म्हणतात न, तेच. भांगच नाही लागत तिले." कपाळापासून तीन लटा घ्यायच्या, मंग दर पेडाले बाजूचे थोडे थोडे केस त्यात घेत मांगं जायचं. बस! सांगाले एवढंच. तिनं तर आपल्याच डोस्क्यावर करून दाखवली, आरशात न पाहता. मंग मी तिच्या डोस्क्यावर केली. "याडी वं!" म्हणे, म्हणजे माय वं. "हे काय, कावळ्याचं खोपं?" खो खो हसली. मले हसू नाही आलं.

"ढिली धर, ढिली. फुलली पाह्यजे," म्हणे. ढिली धरली तर टक्कल दिसते न बापा!

तान्ह्या पोळ्याले मैनाबाई येतात. सतरा दिवस राह्यले.

९ ऑगस्ट

तीनदा घातली, तीनदा सुटली. खिडकीच्या गजाले सुतळ्या बांधून करत बसली. सुतळीवर येते! खुशीवर येत नाही!

११ ऑगस्ट

जमली! जमली! सकाळी अर्धा घंटा लागला, शाळेची घंटी झाली तरी सोडली नाही मी तिले. एक केस हालत नाही. टक्कल पार झाकलं.

खुशी आरशात पाहून म्हणे, "मम्मी, हसली का डोळे वढतात."

"मंग हसू नको," म्हणली मी. काहून म्हणली असं!

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन. शाळेच्या मॅडमनं तिले थांबवून इचारलं, "वेणी कोणी घातली गं?" — "माझ्या मम्मीनं!" आन् बोट माह्याकडं. दोन पोट्ट्यायच्या माया मले वेणी शिकवाले बोलावून राह्यल्या. समोरच्या काकूबी! "सावत्र ते सावत्रच" म्हणत होती न, तीच काकू. छाती अशी फुगली माही. मंग आठवलं वेणीखाली काय आहे ते. लाडू खाल्ला नाही, पदरात बांधला.

१७ ऑगस्ट

रुपयाएवढं झालं. उजव्या अंगालेबी विरळ दिसून राह्यलं, आन् बारीक बारीक फोड. लसूण बंद, कांद्याचा रस चालू. सोडताना केस हातात येतात, म्हणून सोडतच नाही आता. तीन तीन दिवस तशीच ठेवते, वरून तेल लावते, सुटे केस अजून कसून घेते.

"डोस्कं दुखते मम्मी." दुखू दे राणी. सहाच दिवस.

२० ऑगस्ट

यायले सांगतलं. जेवताना दाखवलं. वाकून पाह्यलं, "येऊन जातीन केस," म्हणे आन् कढी मागतली! कढी! ताट फेकून द्यावं वाटलं. मी म्हणली, मैनाबाईनं पाह्यलं तर? म्हणे, "दाखवू नको न मंग."

पोट्टी गेली तर यायचं काय जाते? वावरात जातीन, घरी येतीन, टीव्ही लावतीन. ती झोपेत माह्या पोटावर पाय टाकते. पयले राग ये. आता पाय नसला तर झोप येत नाही मले. नाही देत! कोणालेच नाही देत मी तिले.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा

झालं. निभावलं.

पहाटेच उठून वेणी घातली. इतकी कसली का माह्याच बोटायले वळ पडले. खुशी रडली नाही, दात खाऊन बसली. मंग लाकडी बैल घेऊन दारोदारी फिरली पोरायसोबत.

मैनाबाई बाजेवर बसल्या होत्या. तिले जवळ घेऊन वेणीवर वरून खालपर्यंत हात फिरवला. मले वाटलं, आता सोडतीन, आता इचारतीन! पण त्या म्हणे, "मले नाही येत असली. करुणालेबी कधी घालून देल्ली नाही मी. आमची आपली साधी." आन् डोळ्याले पदर लावला.

जाताना दाराशी माहा हात धरला. "लोकायनं लय भरवलं होतं मले तुह्याबद्दल. मनात नको ठेवू बाई." मी खाली पाहत होती. त्यायले वाटलं लाजली.



२६ ऑगस्ट

दोन्हीकून लिंबाएवढं. आता वेणीतबी मावत नाही. खुशीनं आज शाळेत टोपी घालून जाऊ का इचारलं. तिले सगळं समजते! कोणालेच काही बोलली नाही पोट्टी. माह्यासाठी गप्प बसलं सात वर्षांचं लेकरू.

बस झालं. वणीले नेते तिले.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

चामडीच्या डॉक्टर मॅडमनं वेणी सोडाले लावली. भिंग लावून पाह्यलं.

"लसूण लावला का?" — हो. "कांदा?" — हो. "वेणी कोण घालतं?" — मी. "रोज इतकी घट्ट? आधीपासून?"

मी म्हणली, हो. पयले दोन वेण्या, आता सागरचोटी.

"ताई, चाई नाही ही. हे ओढल्यानं झालंय. तुमच्या वेणीनंच केस उपटले जातात."

खुशी पटकन म्हणे, "मम्मीनं नाही उपटले! मम्मी छान घालते वेणी!"

मॅडम म्हणे, आत्ता थांबलं तर बहुतेक येतील परत. मोकळे ठेवा. बसमध्ये खुशी खिडकीशी बसली. केस वाऱ्यावर. डोळे मिटून हसत होती.

३० ऑगस्ट

मीच. मीच उपटले.

३१ ऑगस्ट, रविवार

हे म्हणे, "आता कायले सांगतं? आजी खूश होऊन गेली. केस येतीन, विषय संपला." बरोबर आहे. कोणालेच समजणार नाही. पण मैनाबाईनं माहा हात धरला होता. दिवसभर तोच हात जळून राह्यला.

दुपारी फोन लावला मुकुटबनले. एका दमात सांगून टाकलं — टक्कल, लसूण, वेणी, पोळ्याच्या दिवशी काय झाकलं होतं ते. म्हणली, आजी, मले माय नोती. मामी केस बारीक कापून टाके. वेणी किती वढायची असते ते मले कोणाच्या हातानं माहीतच नाही.

त्यायनं सगळं ऐकून घेतलं.

मंग — "उद्या सकाळच्या गाडीनं येते." आन् ठेवला.

१ सप्टेंबर, सोमवार

खुशीचे कपडे पिशवीत भरून दाराशी ठेवले होते. मैनाबाईनं पिशवी पाह्यली. खुशीचं डोस्कं पाह्यलं, दोन्हीकून. तिले खेळाले पाठवलं.

"अक्कल नाही तुले. करुणालेबी नोती." मंग बाजेवर बसल्या. "इथं खाली बस. अंबाडा सोड. किती वढायची ते माह्या हातानं समजन तुले."

बसली. बोटायनंच गुंता काढू लागल्या माहा. हात लय कडक त्यायचा. दुखलं. तरी डोस्कं हालवलं नाही मी.