बाबांनी सांगितलेलं

मोकपो

प्रिय आजी,

मला नववा लागलाय आणि मी फार भ्यायलेय. शेजारणीने जुन्या काळच्या सुइणीवरची कादंबरी दिली होती. त्यात बाळंतिणीचं रक्त थांबत नाही आणि ती सुइणीच्या हाताखालीच जाते. माझ्या वेळी तूच सुईण होतीस, आणि आई अशीच गेली ना?

"तुझ्या आजीनेच मारलं तिला," बाबा म्हणायचे. मी ते खरं मानलं आणि अकरा वर्षं तुझ्या बेटावर फिरकले नाही. काल मावशीला विचारलं, तर ती भडकलीच. "मारलं? अगं, रक्त थांबावं म्हणून डॉक्टरची बोट येईपर्यंत आजी तुझ्या आईचं पोट दाबून बसली होती! हात असे आखडले, की पुढे चार दिवस तिला चमचा धरवेना. मी भरवत होते."

म्हणून माफी मागायला हे लिहायला घेतलं, तेवढ्यात कळ आली. घाबरून तुलाच फोन लावला.

तू म्हणालीस, "रडू नको, सोरिम. पोट मधूनच, नेम नसताना कडक होऊन सुटतंय ना? खोट्या कळा त्या. पडून राहा, मी निघालेच."

आता हे पत्र टाकत नाही. माफी तोंडानेच मागेन. फक्त खऱ्या कळा सुरू व्हायच्या आत पोच गं.

तुझ्या लेकीची लेक,
सोरिम