परत आलेलं धान

मूल, तलावपुरा
१९ जानेवारी १९५६

सोमाजीस भैयाजीचा आशीर्वाद.

इकडे थंडी कडक आहे. धानाची मळणी उरकली, आमच्या अन्नपूर्णेचा खोकला उतरला. खाणीवरच्या चाळीत तू, वच्छला आणि लेकरं खुशाल असावीत अशी इच्छा. ही ओळ लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिली. गेलं वर्षभर तू खुशाल असावास असं माझ्या मनात एकदाही आलेलं नाही.

आज वेगळ्या कारणाने लिहितो आहे. त्या कारणाकडे हात वळत नाही, तेव्हा आधी आपल्या फुटबॉल क्लबाचं सांगतो.

क्लब संपला. तलावाखालच्या गुणवंतरावाच्या धानाच्या त्या तीन बांध्या. धान निघालं की आपण मधले मातीचे धुरे फोडून मैदान करायचो आणि पावसाआधी ते पुन्हा घालून द्यायचो. यंदा धुरे फोडायला कुणी गेलंच नाही. गुणवंतरावानं उभ्या धानातच लाखोरी डाळीचं बी फेकलं होतं. तू जिथून गोल मारायचास तिथे आता वीतभर हिरवं आहे.

बेचाळीसचा तुरुंग भोगून आलो तेव्हा मी एक पेटीभर पुस्तकं आणि एक फुटबॉल आणला होता. पुस्तकांना कुणी हात लावला नाही. फुटबॉलला पहिली लाथ तू मारलीस आणि तुझ्याच घरावरचे कवेलू फोडलेस. तुझी आई सुगंधाबाई बाहेर येऊन मला म्हणाली, "पोरायले बिघडवाचं तुरुंगात शिकून आले का?" तिथून क्लब सुरू झाला.

चांद्याला शील्ड जिंकलं त्या वर्षी बूटवाले संघ आपल्या अनवाणी पायांना हसत होते. धसकटांवर धावून घट्टे पडलेले पाय होते ते. परत आल्यावर मी पारावर उभा राहिलो आणि म्हणालो, आपले खेळाडू खेळाची कमाई घेतील, पण कुणाचे नोकर होणार नाहीत. सुताराला, न्हाव्याला बलुतं देतो तसं मोहल्ला त्यांना देईल. घराघरातून धान आलं. नियम एकच होता. ज्यानं बलुतं उचललं तो धुरे पुन्हा बांधले जाईपर्यंत, म्हणजे हंगामभर, तलावपुऱ्याचा. सही कुणाची घेतली नाही. धान हीच सही.

म्हणून तर घाव बसला. कोळसा कंपनीच्या संघात गेलास एवढंच असतं तर मी तो राग कधीतरी गिळला असता. पण तू बलुतं उचललंस आणि आठवड्यात गेलास, चौघांना घेऊन. क्लबाचा चिटणीस गुणवंतराव, बलुतं त्याच्याच गिरणीतून वाटलं जायचं. मी त्याला विचारलं, सोमाजीनं धान परत केलं का? हातातला अडकित्ता थांबवून तो म्हणाला, "आता मी काय सांगू भाऊ? गेलेल्या माणसाबद्दल बोलू नाई."

त्यानं एवढंच म्हटलं. बाकीचं मी बोललो, पारावर, सगळ्या मोहल्ल्यापुढे. शब्द तुझ्यापर्यंत पोचले असतीलच. पुन्हा लिहीत नाही.

परवा बाजारात वारलू भेटला, आपला डाव्या बगलेवर खेळणारा. क्लब मोडल्यापासून तो गडचिरोलीपलीकडे आपल्या गावी असतो, डिंक आणि हिरडे विकायला येतो. तुझं नाव निघालं तसा मी थुंकलो. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"काऊन जी भाऊ? धान त त्यानं जायच्या आंधीच वापस केलं. बंडी मीच हाकली. गुणवंतरावच्या गिरणीत पोते मीच उतरवले."

मग माझ्याकडे का आला नाही, मी विचारलं.

"म्हणे, भाऊ बोलाले लागले का माह्यानं जाणं होत नाई. अन् बलुतं चार महिने पुरते, लेकरं बारा महिने जेवतात."

मी त्याच्या डिंकाच्या पोत्यावर बसलो. मग उठून सरळ गिरणीवर गेलो. दारात कंपनीचा ट्रक भरला जात होता. खाणीवरच्या मजुरांचा तांदूळ आता गुणवंतराव पुरवतो. तुम्हा खेळाडूंना हेरायला आलेले कंपनीचे साहेब त्याच्याच घरी उतरले होते. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. इतकी पुस्तकं वाचली आणि शेजारचा माणूस वाचता आला नाही. मी हमालांसमोर जाब विचारला. तो हसला नाही, रागावलाही नाही.

"सोमाजीनं धान खाल्लं असं मी कुठी म्हटलं? तुम्ही बोलले भाऊ. तुम्ही बोलले म्हणून लोकायनं मानलं."

त्याच संध्याकाळी पारावर उभा राहून मी खरं ते सांगितलं. लोक तेच होते. तुला चोर म्हटलं तेव्हा टाळ्यांनी पार दणाणून सोडणारे. या वेळी कुणी विडीसुद्धा विझवली नाही. देवाजी मागून म्हणाला, "सोमाजीनं तुम्हाले बी काई पाठवलं काय, भाऊ?" आणि मोहल्ला हसला. ज्यांच्यासाठी घसा फोडला तेच हे लोक.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही, तो लपवत नाही. समोर येऊन 'जातो' म्हणाला असतास तर मी ओरडलो असतो, रडलोही असतो, पण मला खरं कळलं असतं. तुला माझ्या जिभेची भीती वाटली, आणि तीच जीभ तू गुणवंतरावाच्या हाती सोडून गेलास.

आता ते कारण. तुझी आई.

गेल्या वर्षीच्या त्या भाषणानंतर तलावाच्या पायरीवर बाया तिच्याशेजारी घागर ठेवेनाशा झाल्या. मला दिसत होतं. मी त्याला मोहल्ल्याचा न्याय म्हणत होतो. काल तिच्या दाराशी गेलो. ओट्यावर बसून ती चुलीसाठी काड्या मोडत होती. तिला आता फार कमी ऐकू येतं. मी ओरडून सगळं सांगितलं. तिनं काडी खाली ठेवली.

"मी बी आली होती त्या दिसी पारावर. तुम्ही बोलून राह्यले म्हणून आली. ऐकू त काई आलं नाई. सारे टाळ्या वाजवत होते, म्हणून मी बी वाजवल्या. मले वाटलं, शील्डाचं सांगून राह्यले. मंग बाया काऊन बोलत नाई, हे मले वरसभर समजलंच नाई."

आणि उठून तिनं मला प्यायला पाणी दिलं.

सोमाजी, ये. क्लबासाठी नको, तो गेला. आईला तुझ्याकडे घेऊन जायचं असेल तर घेऊन जा. पण त्याआधी एकदा तिची घागर तू उचल आणि भर दिवसा तिच्यासोबत तलावापर्यंत चालत जा. वाट माझ्या घरावरून आहे. आत यावंसं वाटलं तर ये, आणि त्या दिवशी बोलला नाहीस ते सगळं बोल. मी मध्ये शब्द काढणार नाही.

पारावरून उतरलेला,
भैयाजी