पोळ्यातील एकतिसाव्या जागेबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, चांदूर रेल्वे, जि. अमरावती

अर्जदार : महादेव किसन खंडारे, वय ६७, धंदा शेती, रा. मौजे निंभारखेड

विषय : पोळ्याच्या रांगेत एकच जोडी असताना तिचा क्रमांक एकतिसावा धरल्याबाबत.
संदर्भ : ग्रामपंचायतीचे पत्र, 'रूढीचा विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही'.

महोदय,

१. अर्जदार मातंग समाजाचा असून गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याकाठी एकटा राहतो. पत्नी इंदूबाई तीन वर्षांपूर्वी वारली. मुलगा अंकुर नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात आहे. त्याला पोळ्याची सुटी मिळत नाही, मिळाली तरी तो येत नाही. 'त्या रांगेत मी नाई उभा राहत बाबा, तुमीच राहा,' असे त्याने फोनवर कळवले आहे.

२. आमच्या गावी पोळ्यात जोड्या जातीच्या पायरीने उभ्या राहतात. मारुतीच्या पारापाशी तोरण बांधतात. त्याखालून पहिली जोडी खुशालराव पाटलांची जाते, मग वरच्या आळीच्या, मग मधल्या, आणि सर्वांत शेवटी, एकतिसावी, अर्जदाराची. अर्जदाराच्या वडिलांनीही जन्मभर हाच क्रमांक सांभाळला.

३. चार वर्षांपूर्वी खुशालरावांनी ट्रॅक्टर आणला आणि हौश्या व पवळ्या ही आपली मानाची जोडी अर्जदारास विकली. ही जोडी सहा वर्षे पहिल्या क्रमांकाने तोरणाखालून गेलेली आहे. गोठा बदलला त्या दिवशी ती एकतिसावी झाली. बैल तेच, शिंगे तीच, झूल तर अर्जदाराने नवी शिवली. यात बैलांच्या हातून काय चूक झाली, हे ग्रामपंचायतीस विचारले असता संदर्भातील पत्र आले.

४. पुढे इतरांनीही बैल विकले. मागच्या पोळ्याला अख्ख्या गावात अर्जदाराची एकच जोडी उरली. अर्जदार तोरणापाशी जाऊन उभा राहिला. खरे सांगायचे तर बैलांनीच त्याला ओढत नेले, त्यांना आपली जागा पाठ आहे. तेव्हा खुशालराव म्हणाले, 'महाद्या, मांगं हो. तुहा नंबर एकतीसवा हाय.' पुढे कोणीच नाही, हे अर्जदाराने नजरेस आणून दिले. त्यावर, 'कोनी नाई म्हून का झालं? जागा तं हाय ना!' असे उत्तर मिळाले. मग तीस जोड्यांची जागा पावलांनी मोजून रिकामी सोडण्यात आली. अर्जदाराचा नंबर उकिरड्यापाशी लागला. रिकाम्या जागेत एक कुत्रे येऊन बसले होते, त्याला कोणी हटकले नाही.

५. थोड्या वेळाने खुशालरावांचे चिरंजीव नितेश अमरावतीहून मोटारीने आले. त्यांनी चाके लावलेला लाकडी बैल आणला होता. तो तोरणाखालून ओढण्यात आला, आरती झाली, नारळ फुटला, तोरण उतरले आणि लोक घरी गेले. अर्जदार तिथवर पोचला तेव्हा नुसते दोन बांबू उभे होते. तो जोडी घेऊन त्या बांबूंमधून गेला.

६. पोळा फुटल्यावर बैल घरोघर नेतात, बायका त्यांचे पाय धुतात, पुरणपोळी चारतात. पूर्वी वरच्या आळीत अर्जदाराच्या बैलांना लांबून का होईना, परातीत पोळी सरकवीत. या खेपेला दारेच लागलेली होती. म्हणून अर्जदाराने बैल स्वतःच्या दारात उभे केले, स्वतः घरात गेला, तांब्या घेऊन बाहेर आला आणि त्यांचे पाय धुतले. 'दमले असान माये लेकरं,' हे इंदूबाई दरवर्षी म्हणत असे, तेही त्यानेच म्हटले. हा कार्यालयीन विषय नव्हे, तरी नमूद करतो की त्या संध्याकाळी अर्जदारास फार एकटे वाटले.

७. सबब विनंती की येत्या पोळ्यास अर्जदाराच्या जोडीला पहिला क्रमांक मिळावा. ते जमत नसल्यास पुढच्या तीस मालकांना, बैल नसले तरी, आपापल्या जागी जातीने उभे राहण्याचा आदेश व्हावा, म्हणजे आपण कोणाच्या मागे उभे आहोत हे तरी अर्जदारास दिसेल. तेही जमत नसल्यास, शेवटचा नंबर पोचेपर्यंत तोरण उतरवू नये.

८. यातले काहीच होणार नसेल, तर आगाऊ कळवतो की यंदा अर्जदार बैलांचा कासरा काढून घेणार आहे. मग ते कुठे जाऊन उभे राहतील हे सगळ्या गावाला माहीत आहे. त्यांच्यावर कारवाई करू नये, त्यांना पाटलांच्याच गोठ्यात तसे शिकवलेले आहे. अर्जदार स्वतः रूढी मोडणार नाही. तो उकिरड्यापाशी, एकतिसाव्या जागेवर, रिकामा कासरा हातात धरून उभा राहील.

उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र अर्जदार
(सही) महादेव किसन खंडारे
निंभारखेड, दि. ४ ऑगस्ट २०२५

सोबत :
१. ग्रामपंचायतीचे पत्र.
२. बैल विकल्याची चिठ्ठी, खुशालरावांच्या सहीची.
३. जातीचा दाखला, फक्त अर्जदाराचा. बैलांना तो लागत नाही, असा अर्जदाराचा समज होता.