ओल्या वर्षाची सुकेळी

२९ मार्च १९८१, रविवार
मिस्साहून आल्यावर राजेळी केळ्यांचे चार घड सोलून मांडवावर वाळत पसरले. सासूबाई नाताळापासून अंथरुणावर, म्हणून यंदाची सुकेळी माझ्या एकटीच्या हातची. आतून हुकूम आलाच : "ऊन आणि वारा. तिसऱ्याचा हात लागता कामा नये." चौदा वर्षं ऐकतेय. पाठ झालंय.

१ एप्रिल
वाऱ्यानेच एप्रिल फूल केलं. एरवी या दिवसांत डोंगराकडून कोरडा वारा येतो, ओठ फुटतात. यंदा चार दिवस दर्याकडून येतोय, तोही ओला. आभाळ गढूळ. शाळेत खडू बोटांना चिकटतो. सात काड्या वाया गेल्या तेव्हा चूल पेटली. बरणीत मिठाचं पाणी. सा.बां.ची पाठ घामोळ्यांनी लाल झालीय. तांदळाचं पीठ लावलं, तासभर पंख्याने वारा घातला. माझाच घाम त्यांच्या अंगावर ठिबकला, त्यावरून बोलणी खाल्ली. केळी अजून गिळगिळीत.

३ एप्रिल, शुक्रवार
शेजारची मोनिका आली, रडवेली. तिच्या केळ्यांवर बुरशी धरायला लागली. ईस्टरनंतर तिच्या लेकीचं, फिलोचं लग्न. पाठवणीत सुकेळ्यांची टोपली गेली नाही तर सासरचे जन्मभर बोलून दाखवतील. हळूच म्हणाली, "बेकरीच्या भट्टीत घालू का गो?"
मी ताडकन म्हटलं, "भट्टीतली ती सुकेळी नव्हेत, फसवणूक आहे. आमच्या घरात असलं कधी झालं नाही."
बिचारी डोळे पुसत परत गेली. माझा नवरा इनास ओटीवर होता, तो खोकत वाडीकडे निघून गेला.

७ एप्रिल
माझी सुधारली! शाळेतून येते तो केळ्यांना मधासारखा रंग. वारा तसाच ओला, तरी. सा.बा. म्हणाल्या, "उन्हाला हात ओळखू येतो." त्यांच्या तोंडून एवढं! हरखून गेले.
मोनिकाने माझं ऐकून भट्टीचा नाद सोडला. आज तिने सगळी केळी म्हशीपुढे टाकली. म्हशीनेसुद्धा नाक मुरडलं म्हणे. मी हसले.

९ एप्रिल
केळीच्या सुक्या पानांत गुंडाळून, सोपाच्या दोऱ्याने बांधून झाली. आळीतल्या बायका बघून गेल्या. जरा मिरवलंच. उपवासकाळात गर्व बरा नव्हे, पण असो.

१३ एप्रिल, सोमवार
रिकाम्या टोपल्या धुवायला घेतल्या. विणीत पांढरं काहीतरी. मैदा. एका कोपऱ्यात पावाचा करपलेला तुकडा.
इनासला विचारलं. आधी म्हणतो, "तुझ्या शाळेचा खडू असेल." मी पावाचा तुकडा पुढे धरला. मग खालीच बसला.
माझी सकाळची शाळा. मी गेले की हा टोपल्या सायकलला बांधून बेकरीत. पाव निघाले तरी भट्टी दुपारपर्यंत गरम असते. मी यायच्या आत केळी परत मांडवावर. अशा चार सकाळी.
"आयने सांगितलं," म्हणाला. पन्नाशीला आला, अजून आयने सांगितलं!
जेवले नाही.

१४ एप्रिल
सा.बां.ना कुशीवर वळवताना विचारलं. लाज ना शरम. "ओल्या वर्षी दुसरं काय करणार? माझ्या सासूनेही हेच केलं."
"मग मला का नाही सांगितलंत?"
"तुला खोटं बोलता येत नाही. छातीवर हात ठेवून सांगणारं एक तोंड घरात हवं की!"
चौदा वर्षं. मला वाटलं सून केलं, घरचं केलं. यांनी तोंड केलं माझं. आणि त्या तोंडाने मी मोनिकाला केळी म्हशीपुढे टाकायला लावली.

१७ एप्रिल, गुड फ्रायडे
काल कुमसाराच्या रांगेत उभी राहिले. फादरांपुढे काय कबूल करायचं? पाप माझं की यांचं? नंबर आला तशी घरी परत. आज सा.बां.च्या पाठीला पीठ लावताना हात जोरात फिरला. इनासशी बोलणं बंद. उकाडा तसाच.

१९ एप्रिल, ईस्टर
मोनिका आत नवा कपडा अंथरलेली रिकामी टोपली घेऊन आली. "तुझीच दे गो. फिलोच्या सासूला सांगून ठेवलंय, माझ्या शेजारणीच्या हातची, निव्वळ उन्हातली. तुझं नाव घेतलं, तेव्हा तिनं पुढे काही विचारलंच नाही."
इनास चपलेचा अंगठा बघत बसला.
मोनिका ओटीवर चहा पितेय. मी टोपली भरते सांगून आत आले आणि वही काढून बसलेय. चहा संपत आला असेल. टोपली रिकामीच आहे. खाटेवरून सा.बा. हळू आवाजात म्हणतायत, "भर की गो."